वैरणीच्या बेण्याला दाखला कोण देणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की जिल्ह्यात वैरणीच्या बेण्याचा बाजार तापतो. सुपर, स्मार्ट, रेड, बुलेट अशा नावांच्या नेपियर गवताच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. एकरी २०० टन, १८ टक्के प्रथिने, एकदा लावा आणि वर्षानुवर्षे कापा. ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावायचे तर एकरी साधारण साडेसात हजार कांड्या लागतात, दोन डोळ्यांच्या. कांडीला एक रुपया धरला तरी वाहतूक सोडून साडेसात हजार झाले. एवढ्या पैशांचे कांद्याचे बी घेतले तर डब्यावर उगवण, शुद्धता, लॉट नंबर, तारीख सगळे छापलेले असते. कांड्यांच्या मोळीला मात्र सुतळीशिवाय काही नसते.

कायद्यात पळवाट आहे असेही नाही. बियाणे कायदा, १९६६ मधली ‘बियाणे’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे, की तीत जनावरांच्या चाऱ्याचे बी तर येतेच, शिवाय चारापिकांच्या कांड्या, ठोंब, मुळ्या असे सगळे लागवडीचे साहित्य येते. म्हणजे मोळीतली कांडीही कायद्याने बियाणेच. अडते ते तपासणीपाशी. कांडी हातात घेऊन ती कोणत्या वाणाची हे कोणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. पान रुंद आहे, कडा मऊ आहे, कांडे जांभळट आहे, या खुणा खतपाण्याने बदलतात. एकाच ठोंबाच्या दोन कांड्या, एक शेणखताच्या ढिगाशेजारी आणि एक मुरमाड बांधावर लावली, तर दोन महिन्यांनी दोन वेगळे वाण वाटतील.

याला उत्तर प्रयोगशाळेत आहे आणि ते वाटते तेवढे महाग नाही. सोलापुरात त्यासाठी एक टेबल राखून ठेवावे, एवढीच आमची मागणी आहे. त्या टेबलावर काय करायचे आणि काय चुकते, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘प्रयोगशाळा काढा’ एवढे म्हणून भागत नाही.

संकरित नेपियर हे बाजरी आणि हत्तीगवत यांचे लेकरू. बाजरीत १४ गुणसूत्रे, हत्तीगवतात २८. बाजरीकडून ७ आणि हत्तीगवताकडून १४ अशी २१ गुणसूत्रे संकरात येतात. त्यांतल्या सातांना जोडीदार मिळत नाही, त्यामुळे परागकण आणि बीजांडे नीट तयार होत नाहीत आणि बी धरत नाही. म्हणून हे गवत कांडीने किंवा ठोंबानेच वाढवावे लागते. यावरून एक गोष्ट कोणत्याही उपकरणाशिवाय कळते. ‘हायब्रीड नेपियरचे बी’ म्हणून पुडी विकली जात असेल, तर पुडीत जे काही आहे ते त्या नावाच्या वाणाचे बी नाही. साध्या हत्तीगवताला थोडेफार बी धरते, पण त्यातून उगवणारी रोपे एकसारखी निघत नाहीत. बाजरीवर हत्तीगवताचे पराग टाकून संकराचे बी मुद्दाम तयार करता येते. त्यातलेही प्रत्येक रोप वेगळे, आणि वाण म्हणून जे निवडले गेले ते त्यांतले एकच.

तेव्हा पहिली तपासणी २१ की २८, एवढीच. कांडी ओल्या वाळूत लावली की काही दिवसांत मुळ्या फुटतात. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मुळीचे एक ते दीड सेंटिमीटरचे टोक कापायचे. ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये तीन-चार तास ठेवायचे, मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात एक दिवस. त्यानंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर आठ-दहा मिनिटे मऊ करून, रंग देऊन, काचपट्टीवर चेपून सूक्ष्मदर्शीखाली मोजायचे. हा पदवीच्या वर्गातला प्रयोग आहे, सूक्ष्मदर्शी बऱ्याच महाविद्यालयांत असतो.

सोलापुरात हे बिघडते ते उन्हामुळे. पहिल्या द्रावणाला १८ ते २० अंशांची गरज असते. मे महिन्यात खोलीत ३८ अंश असताना ते टेबलावर ठेवले तर गुणसूत्रे एकमेकांना चिकटून गोळा होतो. फ्रिजमध्ये ठेवावे तर ते जास्तच गार पडते. थर्मासमध्ये पाणी, थोडा बर्फ आणि थर्मामीटर, ही सोय पुरते. अल्कोहोल-ॲसेटिकचे मिश्रण दर वेळी ताजे करावे. आठवड्यापूर्वीची बाटली वापरली की पेशी धूसर दिसतात. आणि एका पेशीवर निकाल देऊ नये, किमान दहा-पंधरा स्वच्छ पेशी मोजाव्यात. चेपताना एखाददुसरे गुणसूत्र निसटते, २८ ची २६ किंवा २७ दिसतात. पण २८ ची २१ होत नाहीत, तेवढी ही कसोटी भक्कम आहे.

थंडीत गवत तुऱ्यावर आले असेल तर आणखी सोपी वाट आहे. परागकोश फुटण्याआधी काढायचे, १ टक्का ॲसिटोकार्मिन या लाल रंगात चुरडायचे आणि दहा मिनिटांनी पाहायचे. भरलेले, गोल, लाल कण म्हणजे सुपीक. चुरगळलेले, पारदर्शक कण म्हणजे वांझ. तीनशे कण मोजले की अंदाज येतो. यातली खोच अशी की या गवतात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकोश काही दिवसांनी. नुसते पांढरे केसर दिसताच तुरा तोडला तर परागकण कोवळे असतात, रंग धरत नाहीत आणि साधे हत्तीगवतही संकरित म्हणून पास होते.

२१ मोजली म्हणजे काम संपले असे नाही. फुले जयवंत, यशवंत, को-४ हे सगळे संकर, आणि गुणसूत्रे मोजून त्यांच्यातला फरक कळत नाही. तिथे डीएनएचा ठसा लागतो. बाजरीचा संपूर्ण जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. हत्तीगवत बाजरीचे जवळचे भाऊबंद असल्याने बाजरीसाठी तयार झालेली कित्येक चिन्हके, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, त्यालाही लागू पडतात. नीट निवडलेली दहा-पंधरा चिन्हके प्रचलित वाण वेगळे ओळखायला पुरतात.

इथे नवखे लोक हमखास तीन ठिकाणी अडखळतात. पहिले पान. जून पान घेतले तर डीएनएबरोबर चिकट शर्करा आणि फिनॉल उतरतात, तळाशी तपकिरी डिंकासारखा गोळा बसतो आणि पुढची अभिक्रिया चालतच नाही. पोंग्यालगतचे कोवळे पान घ्यावे, डीएनए काढण्याच्या द्रावणात फिनॉलचा त्रास रोखणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायने घालावीत. शेतातून शहरापर्यंत उन्हात प्लॅस्टिकच्या पिशवीत पान आणू नये. ते वाटेतच काळे पडते. सिलिका जेलच्या डबीत वाळवून आणलेले चालते. दुसरे जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर. अशा चिन्हकांत वाणावाणांतला फरक कधी कधी डीएनएच्या दोन-तीन अक्षरांएवढाच असतो आणि साध्या ॲगारोज जेलवर तो दिसत नाही. मग दोन वेगळे वाण एकच ठरतात. त्यासाठी पॉलिॲक्रिलामाइड जेल किंवा कॅपिलरीचे यंत्र हवे.

तिसरी अडचण यंत्राने सुटत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. ठसा जुळवायचा कशाशी? पोलिसांकडे बोटांचा ठसा आहे, पण संशयिताचा नाही, तशी गत. ज्या संस्थेने वाण काढला तिथूनच आणलेला मूळ ठोंब शेजारी नसेल तर सगळी तपासणी मुकी. दुसऱ्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेले आकडे वापरून भागत नाही, कारण यंत्र बदलले की माप एक-दोन अक्षरांनी सरकते. मूळ ठोंबाचा नमुना त्याच जेलवर, त्याच दिवशी चालवावा लागतो. म्हणून सोलापुरात यंत्राआधी मूळ ठोंबांचा वाफा हवा. राहुरीच्या चारापीक प्रकल्पातून, कोइमतूरच्या विद्यापीठातून, झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेच्या धारवाड केंद्रातून, उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेकडून प्रत्येक वाणाचे दहा-दहा ठोंब आणायचे, दोन वाणांत दोन मीटर जागा सोडायची आणि तुरा दिसला की कापायचा. दहा गुंठे पुरतात. पाट्या पत्र्याच्या असाव्यात. लाकडी पाटी वाळवी खाते आणि पाटी गेली की वाफ्यात नुसते गवत उरते.

आता १८ टक्के प्रथिनांकडे येऊ. हा आकडा खोटाच असतो असे नाही. पंचवीस दिवसांच्या फुटव्याची नुसती पाने तपासायला दिली तर तो येऊ शकतो. पण शेतकरी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी कांड्यासकट कापतो, आणि मग प्रथिने ८ ते ११ टक्क्यांच्या घरात असतात. शिवाय हे टक्के वाळलेल्या वजनावरचे. हिरव्या नेपियरमध्ये ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वीस किलो हिरवी वैरण टाकली, शुष्क पदार्थ १७ टक्के धरला, तर ३ किलो ४०० ग्रॅम कोरडा माल झाला, आणि त्यात ९ टक्क्यांनी ३०६ ग्रॅम प्रथिने. जाहिरात वाचणारा वीस किलोवर १८ टक्के लावतो आणि ३ किलो ६०० ग्रॅम धरतो. जवळजवळ बारापट. मग पेंड कमी करतो आणि महिनाभराने दूध का आटले ते त्याला कळत नाही.

आणि ते एकरी २०० टन हिरवे वजन, तेही बारा महिने सारखी वाढ धरून. ही उष्ण प्रदेशातली गवते. मक्या-उसाप्रमाणे तिशी-पस्तिशीच्या तापमानात ती जोमात कार्बन बांधतात, पण रात्रीचा पारा १५ च्या खाली उतरला की त्यांची यंत्रणा मंदावते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडेही नेपियर नुसते उभे राहते. ती कापणी हिशेबातून वजा करावीच लागते.

प्रथिने मोजण्याची पद्धत जुनीच आहे. नायट्रोजन काढायचा आणि ६.२५ ने गुणायचे. त्यातच गोम आहे. नायट्रोजन प्रथिनांतला की पानावर फवारलेल्या युरियातला, हे ती पद्धत सांगत नाही. नमुना देण्याच्या दोन दिवस आधी युरिया फवारला की टक्के वाढतात. म्हणून नमुना विकणाऱ्याने आणलेला घेऊ नये. शेताच्या पाच-सहा ठिकाणांहून पूर्ण ताटे जमिनीपासून कापणीच्या उंचीवर कापावीत, कुट्टी करून मिसळावीत, त्यातले अर्धा किलो घ्यावे आणि ६० ते ६५ अंशांवर ४८ तास वाळवावे. शंभर अंशांवर वाळवले तर प्रथिने तंतूला बांधली जातात आणि पुढचे तंतूचे माप फुगते. गोणीत दाबून आणलेले ओले गवत आतून तापते, साखर जळते, नायट्रोजन तेवढाच राहतो आणि प्रथिनांचा टक्का आपोआप चढतो. असा नमुना परतच पाठवावा.

प्रथिनांइतकीच चौकशी ऑक्झॅलेटची व्हायला हवी, आणि ती कोणी करत नाही. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असते, उसाच्या वाढ्यातही असते. आपल्या जिल्ह्यात गाळप सुरू झाले की एकाच गव्हाणीत वाढे आणि नेपियर दोन्ही पडतात. विद्राव्य ऑक्झॅलेट रक्तातले कॅल्शियम बांधते. नुकतीच व्यालेली पंढरपुरी म्हैस बसली तर घरचे लोक दृष्ट काढतात, डॉक्टर कॅल्शियमची बाटली चढवतात, पण गव्हाणीत काय पडले होते हे क्वचितच विचारले जाते. शुष्क पदार्थात विद्राव्य ऑक्झॅलेट २ टक्क्यांच्या वर गेले की रवंथ करणाऱ्या जनावरालाही धोका असतो. कोवळ्या कापणीत ते जास्त असते आणि पालाश जास्त टाकले तर वाढते. १८ टक्के प्रथिनांसाठी पंचविसाव्या दिवशी कापा, असा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मोजणे अवघड नाही. वाळलेल्या भुकटीतून गरम पाण्याने विद्राव्य भाग काढायचा, कॅल्शियमने साका पाडायचा, धुऊन सौम्य गंधकाम्लात विरघळवायचा आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करायचे. १ मिलिलिटरला ४.५ मिलिग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल. द्रावण ७० ते ८० अंशांवर असले पाहिजे. गार असले तर पहिले थेंब गुलाबीच राहतात आणि शिकाऊ माणूस तिथेच थांबतो, माप शून्याच्या जवळ येते. उकळते असेल तर आम्लच मोडते. तपासणी होईपर्यंत गोठ्यातला उपाय एवढाच, की नेपियर एकटे टाकू नये. लसूणघास, शेवरी किंवा दशरथ घास जोडीला द्यावा, रोज खनिज मिश्रण द्यावे आणि नवी वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना ऑक्झॅलेट पचवायची सवय लागते.

जनावरांना घातक ठरणाऱ्या नायट्रेटबद्दल थोडक्यात. युरिया टाकला, पाऊस दडला, मग एकदम झड लागली, की ताटाच्या बुडख्यात नायट्रेट साठते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातले सायनाइड वाळवल्यावर पुष्कळ उडून जाते, नायट्रेट मात्र कडब्यातही तसेच राहते; मुरघासात निम्म्यापर्यंत घटते. टंचाईच्या वर्षी बुडखा सहा इंच सोडून कापावे, आणि झडीनंतर आठवडाभर थांबावे.

कोरडवाहू माळासाठी नेपियर नाहीच, तिथे अंजन आणि मारवेल ही गवते. यांची गंमत उलटी आहे. बी धरते, पण बहुतेक बी पराग-बीजांडाच्या मीलनाशिवाय बनते आणि रोप हुबेहूब आईसारखे निघते. बी मीलनाविना बनले का हे ओळखण्यासाठी विद्यार्थी बियांवर फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशींतला डीएनए मोजणारे यंत्र, चालवतात आणि फसतात. या गवतांत गर्भ आणि पुष्क (बियातला गर्भाचा अन्नसाठा) यांचे डीएनएचे प्रमाण मीलनाच्या बीसारखेच दोनास तीन येते. बीजांड मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक करून पाहावे लागते. गर्भकोशात चारच केंद्रके दिसली आणि दुसऱ्या टोकाच्या तीन पेशी नसल्या, तर ते मीलनाविना. पुष्क तयार व्हायला मात्र पराग लागतोच, म्हणून फुलोऱ्यात उष्णतेने पराग मेले की केसाळ गुच्छ भरपूर आणि आत दाणा नाही, असे होते.

शेतकऱ्याला यातले एवढेच पुरे: अंजनाचे बी वजनावर घेऊ नये. शुद्धता ४० टक्के आणि उगवण ३० टक्के असेल तर शंभरातले बाराच किलो खरे बी. हेक्टरी चार किलो जिवंत बी हवे तर तेहतीस किलो घ्यावे लागेल. शिवाय ताजे बी सुप्त असते, सहा महिने ते वर्षभर ठेवल्यावर चांगले उगवते. दाणा जिवंत आहे की नाही हे टेट्राझोलियमच्या रंगाने एक-दोन दिवसांत कळते. उगवण चाचणीला २८ दिवस थांबावे लागते. दुष्काळात तातडीने बी वाटताना हा फरक मोठा ठरतो.

सोलापूरला हे काम नवखे नाही. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ पासून चालते. मालदांडी ज्वारीची निवड १९३० च्या दशकात मोहोळला झाली, आणि तिचा कडबा दाण्याइतकाच नावाजला गेला. रब्बी ज्वारीचे केंद्र, डाळिंबाचे राष्ट्रीय केंद्र, विद्यापीठ, पशुवैद्यकीय दवाखाने असे सगळे जिल्ह्यात आहे. नवी इमारत लागणार नाही. दहा गुंठ्यांचा वाफा, सूक्ष्मदर्शी, भट्टी, नायट्रोजनचा संच, अनुमापनाचा बुरेट आणि गवत ओळखणारा एक पूर्णवेळ माणूस एवढे मिळाले तर आम्ही वर लिहिलेल्यातले डीएनए सोडून सगळे होते. डीएनएचे नमुने वर्षातून दोनदा एकत्र करून बाहेर पाठवता येतील. २०१८-१९ च्या छावण्यांत वैरणीवर झालेला खर्च ज्यांनी पाहिला, त्यांना हा खर्च किरकोळ वाटेल.

टेबल मिळेपर्यंत, या मृगात बेणे घेणाऱ्यांना एक विनंती. बिलावर वाणाचे पूर्ण नाव आणि बेणे कोणत्या गावच्या प्लॉटमधून आले ते लिहून घ्या. मोळीतल्या दहा कांड्या बांधाच्या कोपऱ्यात वेगळ्या लावा, बिलाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या खुंटाला बांधा, आणि थंडीत तुरा आला की कापू नका. तपासायला तोच लागेल.

आपले,
गवत व चारापिकांचे काही अभ्यासक
सोलापूर